श्रम, सत्त्व आणि मेंदू : क्रीडापटूच्या मनःप्रशिक्षणाचा आयुर्वेदीय विचार

विषयप्रवेश

परीक्षांचा व स्पर्धांचा हंगाम जवळ आला की चिकित्सालयांत आणि औषधालयांत एक मागणी हमखास येते. धावपटू, कबड्डीपटू, नेमबाज किंवा त्यांचे पालक येतात आणि 'दम वाढेल, डोके शांत राहील, एकाग्रता होईल असे काही द्या' असे म्हणतात. ही मागणी साधी वाटते. परंतु तिच्यात दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत. क्रीडापटूची कामगिरी सुधारण्यासाठी मेंदूला व मनाला खरोखर प्रशिक्षण देता येते काय, हा पहिला. त्यात औषधाचा वाटा किती आणि औषधामुळे त्या खेळाडूचे अहित होण्याचा संभव किती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्याला उत्साह देणारे आहे, तर दुसऱ्याचे उत्तर त्याला सावध करणारे आहे. प्रस्तुत लेखात दोहोंचा क्रमाने विचार केला आहे.

थकवा कोठे उत्पन्न होतो?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी स्नायूंच्या कार्याचा सखोल अभ्यास केला. १९२२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्या कार्यामुळे असा समज रूढ झाला की, स्नायूंना प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडला, आम्लता वाढली की शरीर थांबते. थकवा म्हणजे स्नायूतील इंधन व रसायनांचा हिशेब, असे क्रीडाशास्त्र दीर्घकाळ मानत आले.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथील टिम नोक्स यांनी या समजाला आव्हान दिले. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत पूर्ण थकलेला धावपटू अंतिम रेषा दिसताच वेग कसा वाढवतो, हा त्यांचा साधा पण मार्मिक प्रश्न. स्नायू खरोखर रिते झाले असते तर हे शक्य झाले नसते. म्हणून मेंदू शरीराचे रक्षण करण्यासाठी मर्यादा आखतो आणि थकवा ही त्याने निर्माण केलेली संवेदना होय, असे मत त्यांनी मांडले. हे मत सर्वांना मान्य नाही. तथापि मेंदूला वगळून थकव्याचा विचार करता येणार नाही, हे त्यानंतर सर्वमान्य झाले.

या संदर्भात २००९ मध्ये सॅम्युएल मार्कोरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावा असा आहे. १६ व्यक्तींना एके दिवशी ९० मिनिटे सतत लक्ष देण्याचे कंटाळवाणे संगणकीय काम दिले, दुसऱ्या दिवशी तितकाच वेळ माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा त्यानंतर स्थिर सायकलवर कमाल शक्तीच्या ८० टक्के भाराने, थकून थांबेपर्यंत पायडल मारण्यास सांगितले. माहितीपट पाहिल्यानंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले. मानसिक श्रमानंतर केवळ ६४० सेकंद. हृदयगती, रक्तातील लॅक्टेट इत्यादी शारीरिक मोजमापांत या फरकाचे कारण सापडले नाही. फरक होता तो श्रमाच्या जाणिवेत. थकलेल्या मनाला तेच काम आरंभापासूनच जड वाटत होते आणि म्हणून असह्यतेची सीमा लवकर आली.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुटबॉलपटूंना ३० मिनिटांचे असेच मानसिक काम दिल्यावर त्यांची धाव तर घटलीच, शिवाय चेंडू देण्याची व गोल साधण्याची अचूकताही कमी झाली. सामन्यापूर्वीचा तास-दीड तास भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घालवणाऱ्या किंवा परीक्षेचे जागरण करून मैदानात उतरणाऱ्या विद्यार्थी खेळाडूसाठी यातील बोध उघड आहे.

आयुर्वेदाची भूमिका

आयुर्वेदाने बलाचा विचार केवळ मांसधातूपुरता मर्यादित ठेवलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील दशविध परीक्षेत सार, संहनन, आहारशक्ती व व्यायामशक्ती यांच्या जोडीला सत्त्वाची परीक्षा सांगितली असून प्रवर, मध्य व अवर असे त्याचे तीन प्रकार केले आहेत. प्रवरसत्त्व व्यक्ती देहाने लहान असूनही मोठ्या पीडा सहन करते आणि अवरसत्त्व व्यक्ती धिप्पाड असूनही अल्प वेदनेने खचते, हे तेथील निरीक्षण मैदानावर रोज पाहावयास मिळते. एकाच वजनगटातील, एकाच आखाड्यातील दोन मल्लांमधील अंतर पुष्कळदा सत्त्वाचे असते.

मन हे उभयात्मक इंद्रिय होय. ज्ञानेंद्रिये व कर्मेंद्रिये या दोहोंशी त्याचा संबंध आहे. मनाचे नियमन व प्रेरण हे वायूचे कर्म सांगितले आहे. अतिचिंतन हे रसवह स्रोतसाच्या दुष्टीचे कारण मानले आहे. तेव्हा मानसिक श्रमाने शारीरिक बल घटते हा निष्कर्ष आयुर्वेदाच्या अभ्यासकास अनपेक्षित वाटू नये. तथापि येथे एक पथ्य पाळावयास हवे. 'प्राणवायू म्हणजे अमुक मज्जासंस्था, साधक पित्त म्हणजे तमुक रसायन' अशी समीकरणे मांडण्याचा मोह आपल्या व्यवसायात प्रबळ आहे. दोन शास्त्रांची परिभाषा भिन्न आहे. निरीक्षणे जुळतात तेथे ती शेजारी ठेवावीत. एकास दुसऱ्याचे भाषांतर समजू नये.

उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची संकल्पना म्हणजे सत्त्वावजय. दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने चरकाचार्यांनी तिला चिकित्सेचे स्वतंत्र स्थान दिले आहे. अहितकर विषयांपासून मनाला परावृत्त करणे हे तिचे स्वरूप. धी, धृती व स्मृती यांच्या प्रशिक्षणाला आज क्रीडा मानसशास्त्रात जी साधने वापरतात, ती या चौकटीत सहज समजून घेता येतात.

मनःप्रशिक्षणाची साधने

१. कल्पनासराव : प्रत्यक्ष हालचाल न करता ती मनात तपशीलवार करणे. १९९२ मध्ये यू व कोल यांनी करंगळीच्या एका स्नायूवर चार आठवडे प्रयोग केला. प्रत्यक्ष आकुंचनाचा सराव करणाऱ्यांचे बल ३० टक्के वाढले, केवळ कल्पना करणाऱ्यांचे २२ टक्के, तर काहीच न करणाऱ्यांचे सुमारे ४ टक्के. करंगळीच्या बलावरून मल्लाच्या बलाचा अंदाज बांधणे योग्य नव्हे. परंतु बलवृद्धीचा काही भाग स्नायूत नसून मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेत असतो, हे यावरून सिद्ध होते. १९९५ मध्ये पास्क्युअल-लिओन यांनी पियानोवरील बोटांच्या क्रमाबाबत असेच दाखवले. पाच दिवस केवळ मनात सराव करणाऱ्यांची पातळी तीन दिवस प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांइतकी झाली आणि मेंदूतील संबंधित क्षेत्रातही तसेच बदल आढळले. अर्थात, कल्पनासराव प्रत्यक्ष सरावाची जागा घेत नाही. दुखापतीमुळे विश्रांती घ्यावी लागलेल्या खेळाडूला मात्र तो विशेष उपयोगी आहे.

करण्याची रीत अशी : खेळाडूने शक्यतो खेळाच्या स्थितीत उभे राहून, स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल तसे दृश्य, प्रत्यक्ष लागेल तितक्याच वेळात मनात आणावे. कबड्डीतील चढाई ३० सेकंदांची असते, तर कल्पनेतील चढाईही ३० सेकंदांचीच हवी. मातीचा स्पर्श, प्रतिस्पर्ध्याची साखळी, स्वतःचा श्वास हे सर्व त्यात असावे. एका वेळी १० मिनिटे पुरेत.

२. स्वसंवाद : २०१४ च्या एका अभ्यासात २४ व्यक्तींना दोन भागांत विभागून एका गटाला श्रमाच्या वेळी स्वतःशी बोलावयाची प्रेरक वाक्ये निवडून दोन आठवडे त्यांचा सराव करविला. त्या गटाची थकून थांबेपर्यंतची वेळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि त्याच भाराला श्रमाची जाणीव कमी झाली. वाक्य खेळाडूचे स्वतःचे, त्याच्या बोलीतील व लहान असावे. प्रशिक्षकाने लादलेले सुभाषित उपयोगी पडत नाही.

३. श्वसन : २००१ मध्ये बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात जपमाळेची प्रार्थना तसेच योगमंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत येते आणि हृदय व रक्तदाबाच्या नियमनात अनुकूल बदल होतो, असे आढळले. प्राणायामाचे हे अंग नेमबाजी, तिरंदाजी यांसारख्या खेळांत प्रत्यक्ष कामाचे आहे. मात्र कुंभकाचा अतिरेक किंवा जोरकस भस्त्रिका स्पर्धेच्या तोंडावर नव्याने सुरू करू नये.

४. दृष्टिस्थैर्य : कॅनडातील जोन व्हिकर्स यांनी १९९० च्या दशकात दाखवले की, बास्केटबॉलमध्ये कुशल खेळाडूची नजर हालचालीपूर्वी लक्ष्यावर अधिक काळ स्थिर असते. नजरेची ही स्थिरता शिकवता येते. त्राटकाशी याचे साम्य जाणवते. परंतु त्राटक म्हणजे ज्योतीवर टक लावणे आणि खेळातील सराव म्हणजे त्या खेळाच्या लक्ष्यावर योग्य क्षणी नजर ठेवणे, हा भेद ध्यानात असू द्यावा.

५. मानसिक श्रमासह सराव : मार्कोरा यांच्याच गटाने ३५ सैनिकांवर १२ आठवडे केलेल्या प्रयोगात एका गटाने केवळ सायकल चालवली, दुसऱ्याने सायकल चालवतानाच लक्ष केंद्रित करण्याचे मानसिक काम केले. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत सारखीच वाढली. थकून थांबेपर्यंतची वेळ मात्र पहिल्यात ४२ टक्के, तर दुसऱ्यात १२६ टक्के वाढली. मनही व्यायामाने बलवान होते, असा याचा सरळ अर्थ. परंतु हा भार आठवड्यातून एक-दोनदाच आणि स्पर्धेपासून दूरच्या काळात द्यावा.

निद्रा व रसना

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या त्रयोपस्तंभांपैकी निद्रेविषयी क्रीडाक्षेत्रात सर्वाधिक उपेक्षा आढळते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ बास्केटबॉलपटूंना ५ ते ७ आठवडे रोज १० तास अंथरुणावर राहण्यास सांगितले. त्यांची धावेची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. अभ्यास लहान होता व त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरीही पहाटे साडेचारला मैदानावर व रात्री बारापर्यंत अभ्यासिकेत असणाऱ्या मुलाला मेध्य औषध देण्यापूर्वी त्याच्या झोपेचे तास मोजणे, हे वैद्याचे पहिले कर्तव्य ठरते. पादाभ्यंग, शिरोऽभ्यंग, रात्री म्हशीचे दूध व नियमित वेळ या साध्या उपायांचे स्थान येथे आहे.

२००४ मधील एक प्रयोग वैद्यांना विशेष रोचक वाटेल. ९ सायकलपटूंनी सुमारे तासाभराच्या शर्यतीत माल्टोडेक्स्ट्रिन या पिष्टमय पदार्थाचे द्रावण केवळ तोंडात फिरवून थुंकले. तरी त्यांची वेळ २.९ टक्क्यांनी सुधारली. याउलट, शिरेतून ग्लुकोज दिल्याने अशी सुधारणा झाली नाही. २००९ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून असे दिसले की, तोंडातील पिष्टमय पदार्थाची वार्ता मेंदूच्या प्रेरणेशी संबंधित भागांना मिळते आणि कृत्रिम गोडव्याने तसे होत नाही. पोषण पोटात पोहोचण्याआधीच त्याची जाणीव बल देते, हे गंडूष-कवलाची परंपरा जपणाऱ्या शास्त्राने अभ्यासावे असे आहे. श्रमहर महाकषायातील द्राक्षा, खर्जूर, दाडिम, इक्षु, यव, षष्टिक ही द्रव्ये आहाररूपाने खेळाडूस निःशंकपणे देता येतात.

औषधींचे स्थान

चरकोक्त मेध्य रसायने चार : मंडूकपर्णी स्वरस, दुधाबरोबर यष्टीमधु चूर्ण, गुडूची स्वरस व शंखपुष्पी कल्क. ब्राह्मीच्या प्रमाणित अर्कावर ऑस्ट्रेलियात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६ निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात रोज ३०० मिलिग्रॅम मात्रेने माहिती ग्रहण करण्याचा व शिकण्याचा वेग सुधारला. परंतु हा परिणाम पाच आठवड्यांनी नव्हे, बारा आठवड्यांनी ठळक झाला. स्पर्धेच्या आठ दिवस आधी ब्राह्मी मागणाऱ्याला हे स्पष्ट सांगावे. अश्वगंधेच्या २०१५ च्या अभ्यासात ५७ पुरुषांपैकी ज्यांनी वजनाच्या व्यायामाबरोबर ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा आठ आठवडे घेतला, त्यांचे बल इतरांपेक्षा अधिक वाढले. हे अभ्यास अनुकूल आहेत. परंतु ब्राह्मीचा अभ्यास खेळाडूंवरील नव्हता आणि अश्वगंधेचा अभ्यास नवशिक्या व्यायामपटूंवरील होता. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झाल्या आहेत. म्हणून कावीळ, अरुची, कंडू यांबाबत विचारपूस करीत राहावे.

औषधालयचालकांनी द्रव्यनिश्चितीकडे लक्ष द्यावे. बाजारात ब्राह्मी या नावाने मंडूकपर्णीही येते आणि शंखपुष्पी या नावाने एकाहून अधिक वनस्पती विकल्या जातात. वर उल्लेखिलेले संशोधन एका निश्चित वनस्पतीच्या निश्चित अर्कावरील आहे. पुडीवरच्या नावाला ते आपोआप लागू होत नाही.

निषिद्ध द्रव्ये : वैद्याची खरी कसोटी

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन घटना घडल्या. अभिनव बिंद्रा यांनी १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक मिळवले. मेंदूच्या विद्युत्लहरी पाहून मन स्थिर करण्याचे प्रशिक्षण त्यांच्या तयारीचा भाग होते. त्याच स्पर्धेत उत्तर कोरियाचे पिस्तूल नेमबाज किम जोंग-सू यांच्या चाचणीत प्रोप्रॅनोलॉल हे हृदयगती मंदावणारे औषध आढळले आणि त्यांची दोन पदके काढून घेण्यात आली. स्थिर हात प्रशिक्षणाने साधावा की गोळीने, याचे याहून बोलके उदाहरण नाही. नेमबाजीची परंपरा असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून या खेळाकडे वळणारी मुले आपल्याही दारात येणार आहेत.

२०११ मध्ये भारतीय महिला रिले संघातील धावपटूंच्या चाचणीत स्टेरॉइड आढळले. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमध्ये ते मिसळलेले असावे, असा बचाव करण्यात आला. तरीही शिक्षा टळली नाही. २०१२ मध्ये क्रीडा लवादाने बंदी दोन वर्षांची केली. यामागील नियम कठोर पण स्पष्ट आहे. शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की हेतू कोणताही असो, उत्तरदायित्व खेळाडूचे. शिवाय खेळाडूवर उपचार करणारा वैद्यही नियमांच्या कक्षेबाहेर नाही. भारतात २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने या व्यवस्थेस वैधानिक आधार दिला आहे.

आपल्या परिचयाच्या पुढील द्रव्यांबाबत विशेष दक्षता हवी :

• कुपीलू (कुचला) : यातील स्ट्रिक्नीन निषिद्ध उत्तेजक आहे. शोधनाने त्याचे प्रमाण घटते, शून्य होत नाही. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी आदी कल्प खेळाडूस देऊ नयेत.
• सोमलता : यात इफेड्रिन असते, मूत्रातील त्याच्या प्रमाणाला मर्यादा घातलेली आहे. बलेच्या काही नमुन्यांतही इफेड्रिनवर्गीय घटक अल्प प्रमाणात आढळल्याच्या नोंदी आहेत.
• विजया (भांग) : जातिफलादी चूर्णासारख्या कल्पांत असते. स्पर्धाकाळात निषिद्ध.
• अहिफेन : कर्पूर रसासारख्या कल्पांत असते. मॉर्फिन स्पर्धाकाळात निषिद्ध.
• वत्सनाभाच्या वर्गातील काही वनस्पती : यांत हायजेनामिन आढळते. २०१७ पासून ते यादीत नावानिशी आहे.
• 'शक्तिवर्धक' निनावी चूर्णे : यांत स्टेरॉइडची भेसळ असण्याचा धोका सर्वांत मोठा.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते, हे औषधालयचालक जाणतातच. काउंटरवर एक प्रश्न वाढवावा : 'आपण स्पर्धात्मक खेळ खेळता काय?' उत्तर होकारार्थी आल्यास संपूर्ण घटकद्रव्ये व बॅच क्रमांक असलेले बिल द्यावे आणि शंका असेल तेथे विक्री टाळावी. निषिद्ध द्रव्यांची जागतिक यादी दर वर्षी १ जानेवारीस नव्याने लागू होते. ती औषधालयात असावी.

चिकित्सालयासाठी कार्यक्रम

बारा आठवड्यांची पुढील मांडणी व्यवहारात सोयीची आहे.

पहिली भेट : प्रकृती, सत्त्व, अग्नी, निद्रा व चालू औषधे यांची लेखी नोंद. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांचे ६ ते २० अंकांचे श्रममापन खेळाडूस शिकवावे. ६ म्हणजे श्रम नाहीच, २० म्हणजे कमाल.
आठवडा १ ते २ : निद्रासुधार आणि रोजच्या सरावानंतर श्रमांकाची नोंद.
आठवडा ३ ते ६ : रोज १० मिनिटे संथ श्वसन व १० मिनिटे कल्पनासराव.
आठवडा ७ ते १० : स्वसंवादाची निवड व सराव, आठवड्यातून एकदा मानसिक श्रमासह सराव.
आठवडा ११ ते १२ : मानसिक भार कमी करावा. नवे औषध, नवा आहार, नवी क्रिया यांपैकी काहीही सुरू करू नये.

त्याच भाराला श्रमांक उतरू लागला तर कार्यक्रम लागू पडत आहे असे समजावे. तो चढत असेल तर मनोबल कमी म्हणून खेळाडूस दोष देऊ नये. अतिव्यायाम, पांडू, ज्वर, अनिद्रा यांचा शोध घ्यावा. छातीत वेदना, मूर्च्छा, मासिक पाळी बंद होणे, सतत खिन्नता यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे. मेंदूने घातलेली मर्यादा शरीराच्या रक्षणासाठी असते. ती थोडी सरकवता येते, मोडावयाची नसते. अर्धशक्तीपर्यंतच व्यायाम करण्याचा आणि कपाळ, नाक, काख येथील स्वेदावरून ती ओळखण्याचा संकेत सामान्य जनांसाठी आहे. स्पर्धकाला त्याच्या पुढे जावे लागते. पण ते अभ्यासाने, क्रमाने व विश्रांतीसह.

उपसंहार

क्रीडापटू वैद्याकडे येतो तेव्हा तो आपल्या आयुष्यातील मोजकी वर्षे पणास लावून आलेला असतो. त्याला मनःप्रशिक्षण, निद्रा, आहार व परीक्षित औषध यांचा योग्य क्रम लावून देणे हे आपल्या शास्त्राच्या आवाक्यातील काम आहे. या क्रमात औषध शेवटी येते, हे औषधविक्रीवर ज्यांची उपजीविका आहे त्यांनाही सांगावयास संकोच वाटू नये. एका चुकीच्या पुडीने एका मुलाची दोन वर्षे जातात, आणि तिच्याबरोबर गावातील आपल्या शास्त्रावरचा विश्वासही जातो. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालयचालकांनी आपापल्या तालुक्यातील शाळा, आखाडे व क्रीडामंडळे यांच्याशी संपर्क साधून खेळाडूंच्या नोंदी ठेवण्यास आरंभ करावा. दोन-तीन वर्षांच्या अशा प्रामाणिक नोंदी आपल्या व्यवसायाला पुष्कळ काही शिकवतील.